सहावा रकाना

"मयत लिहा, सर," निंबातात्या म्हणाले आणि बोट खाली सरकवून पुढचं नाव वाचायला लागले.

गिरधर सुरवाडेचं पेन कागदावर टेकलेलं होतं ते तिथंच थांबलं. शाईचा एक ठिपका रकान्यात पसरला. चौऱ्याण्णव सालच्या डिसेंबरातली दुपार होती. धुळ्यातल्या त्या लहानशा कॉलेजच्या ऑफिसात निंबातात्या, म्हणजे हेडक्लार्क, जुन्या रजिस्टरातून नावं वाचत होते आणि गिरधर ती विद्यापीठाच्या छापील नमुन्यात उतरवत होता. बाहेर रंगारी भिंतींना पिवळा हात देत होते, त्यांच्या शिडीचा आवाज मधूनमधून येत होता. चार वर्षांपूर्वी खान्देशाला स्वतःचं विद्यापीठ मिळालं होतं, जळगावला. त्याआधी सगळा कारभार पुण्याहून चालायचा, आणि पुण्याहून एवढ्या लांब कोणी फारसं बघायला येत नसे. आता येणार होते. जानेवारीत समिती येणार, वर्गखोल्या पाहणार, ग्रंथालयातली पुस्तकं चाळणार, तीन वर्षांचे निकाल तपासणार आणि कॉलेजची संलग्नता पुढे चालू ठेवायची की नाही ते ठरवणार. ठेवली नाही तर जूनपासून पहिल्या वर्षाचे प्रवेश बंद. मग आसपासच्या खेड्यांतली पोरं कुठं जातील, आणि हंगामी म्हणून लागलेले अकरा प्राध्यापक कुठं जातील, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. अहवाल लिहायचं काम प्राचार्यांनी गिरधरवर टाकलं होतं, कारण त्याचं अक्षर चांगलं आणि तो कधी नाही म्हणत नसे. त्या अहवालात एक तक्ता होता: तीन वर्षांत मधूनच शिक्षण सोडलेले विद्यार्थी. अशी एकसष्ट नावं निघाली होती. अनुक्रमांक, नाव, गाव, वर्ग, सोडल्याची तारीख, आणि सहावा रकाना, कारण. सकाळपासून त्या रकान्यात दोनच शब्द उतरत होते, 'कौटुंबिक अडचण'. तात्या सांगत होते, गिरधर लिहीत होता.

"कोण मयत?" गिरधरने विचारलं.

"ही बागुल कला भटू. सोनगीरची. मागच्या वर्षी मे महिन्यात पेपरात आलं होतं ना, स्टोव्हचा भडका होऊन सोनगीरला एक जण जळाली. कला नाव. नवीनच लग्न झालेलं. वय एकोणीस."

"ती हीच कशावरून?"

"सोनगीरहून अप-डाऊन करणारी दुसरी कला आपल्याकडं नव्हती, सर. मार्चमध्ये नाव कमी झालंय, एप्रिलात गावातच लग्न झालं असेल. घ्या पुढचं."

तेवढ्यात प्राचार्य आत आले. जीवराम चौधरी सर मूळचे सावद्याकडचे, केळी पिकवणाऱ्या घरातले, अंगाने भरदार आणि मनाने चांगले. पण या महिनाभरात त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. त्यांनी तात्यांचं बोलणं ऐकलं, वाईट झालं म्हणाले. मग हळूच म्हणाले, "मयत विद्यार्थी गळतीत धरत नाहीत, सुरवाडे. तो एक आकडा कमी होईल आपला." म्हणून झाल्यावर त्यांचं त्यांनाच बरं वाटलं नसावं, कारण ते रंगाऱ्यावर उगाच ओरडत बाहेर गेले.

गिरधरने तो रकाना कोरा ठेवला. तात्यांना म्हणाला, डोकं दुखतंय, उरलेलं उद्या करू. सायकल काढून तो देवपूरकडे निघाला. पांझरेच्या पुलावर नेहमीसारखी गर्दी होती, त्या गर्दीतून जाताना त्याला एकदम आठवलं की ही मुलगी त्याच्याकडे आली होती. आठवण आली ती अशी तुकड्यातुकड्यानं. आधी स्टाफरूमचं दार. मग दारात उभी असलेली एक आकृती. खांद्यावरून पुढं घेतलेल्या वेणीचं टोक एका हातात धरलेलं, दुसऱ्या हातात घडी घातलेला कागद. "सर, जरा काम होतं." फेब्रुवारी होता. तपासलेल्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा जळगावला पोचवायचा होता, साडेचारची बस होती आणि सुतळीची गाठ काही केल्या बसत नव्हती. तो गाठीकडे बघत म्हणाला होता, नंतर ये. ती म्हणाली, उद्या येऊ? तो म्हणाला, ये. दुसऱ्या दिवशी तो जळगावलाच अडकला, त्यापुढचे दोन दिवसही. त्यानंतर ती आली की नाही ते त्याला आठवत नव्हतं. मार्चमध्ये हजेरीपटावर तिच्या नावावर लाल रेघ ओढलेली मात्र आठवत होती, पट्टी ठेवून, सरळ. वेणीचं टोक आठवत होतं, आवाज आठवत होता, जरा घोगरा, पण चेहरा आठवत नव्हता. पूल संपला, देवपूरचा चढ लागला, तरी तो त्या दारात चेहरा बसवून बघत होता आणि दरवेळी दुसऱ्याच कोणाचा तरी बसत होता.

चेहरा कुठून आठवणार? वर्गात एकशे दहा पोरं. तो नाव पुकारत नसे, नंबर पुकारत असे, आणि तीन मिनिटांत हजेरी संपवतो याचा त्याला अभिमानही होता. त्रेचाळीस. प्रेझेंट सर. चव्वेचाळीस. प्रेझेंट सर. मान वर करायची गरज पडत नसे. ही सवय कुठून आली हेही त्याला त्या दिवसांत नव्याने कळलं. त्याचा बाप धरणगावला कापसाच्या एका जिनिंगमध्ये मुकादम होता. सकाळी भोंगा झाला की बायका ओळीने उभ्या राहायच्या आणि बाप वहीत बघून नावं घ्यायचा. धुरपदा. शे. पुढची. शे. हा 'शे', म्हणजे अहिराणीतला 'आहे', ऐकू आला की टिंब, नाही आला की फुली. गिरधर सात-आठ वर्षांचा असताना डबा घेऊन जायचा तेव्हा हे बघायचा, आणि त्याला वाटायचं की बाप किती मोठा माणूस आहे, मान वर न करता शंभर बायका ओळखतो. एकदा धुरपदाबाईच्या नावावर तीन दिवस फुली पडली. चौथ्या दिवशी ती आली तेव्हा तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं. बापाने नाव पुकारलं, तिने 'शे' म्हटलं, बापाने टिंब दिलं आणि पुढचं नाव घेतलं. शेजारच्या बाईने कोपर मारलं तेव्हा कुठं त्याने वर पाहिलं. तेव्हाचं बापाचं तोंड गिरधरला अजून दिसत असे. बाप वाईट नव्हता. घरी येऊन तो त्या दिवशी जेवला नव्हता. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा वही होतीच.

तीन दिवस असेच गेले. गिरधर कॉलेजात जात होता, तास घेत होता, अहवालाची पानं टंकलेखकाकडे देत होता. प्राचार्यांचा पंचवार्षिक आराखडा तयार होत आला होता. त्यात विज्ञानाची नवी इमारत होती, मुलींचं वसतिगृह होतं, व्यायामशाळा होती, आणि स्केचपेनने रंगवलेला एक आलेख होता, ज्यातली निकालाची रेघ वर वर जात होती. ते सगळं तो नीट करत होता. आणि त्याच वेळी मनात एक हिशेब चालला होता. फेब्रुवारीत ती आली. तिचं लग्न ठरवलं असणार. कॉलेजातल्या एखाद्या सरांनी घरी येऊन बापाला सांगितलं तर तो ऐकेल, असं तिला वाटलं असणार. खेड्यात सरांचा शब्द चालतो. घडी घातलेला कागद म्हणजे घरचा पत्ता असेल. किंवा तोंडानं बोलता येत नाही म्हणून लिहून आणलेलं काही. आपण सुतळीची गाठ मारत होतो. हे सगळं आपण रचतोय हे त्याला कळत होतं, आणि तरी रचताना एकेक तपशील इतका पक्का बसत होता की तो खोटा असू शकेल असं वाटत नव्हतं. सोनगीर वीस किलोमीटरवर होतं. सकाळी जाऊन दुपारच्या आत परत येता आलं असतं. पण तो जात नव्हता. गेलं नाही तोवर दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, ती गेलेलीही होती आणि नसलेलीही होती. एकदा गेलं की एकच उरणार होती.

शनिवारी सकाळी चहा पिताना सुनंदाने, त्याच्या बायकोने, विचारलं, "काल भाजीत मीठ नव्हतं. परवाही नव्हतं. मी मुद्दाम बघत होते. तुम्ही काही बोलला नाहीत. काय झालंय?"

त्याने सांगितलं. सगळं, बस आणि सुतळीसकट. सुनंदा नगरपालिकेच्या शाळेत शिकवत होती. तिने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. शेवटी म्हणाली, "सोनगीर काय विलायत आहे का? उद्या रविवार आहे. जाऊन या."

"आणि तसंच असलं तर?"

"तर तिच्या आईपुढं बसून या थोडा वेळ. इथं बसून तिला काही उपयोग नाही आणि मलाही नाही."

रविवारी तो शिरपूरच्या बसमध्ये बसला. हायवेवर ट्रकांची रांग होती, बस त्यांच्या मागून रडतखडत चालली होती आणि त्याला ते बरंच वाटत होतं. दारात उभं राहून काय बोलायचं ते तो जुळवत होता. मी कॉलेजातून आलोय. मी तिचा सर. विद्यापीठाला माहिती द्यायची आहे. हे शेवटचं वाक्य मनात आलं आणि ते त्याने तिथंच खोडलं. मेलेल्या मुलीच्या आईला आपण रकान्याबद्दल सांगणार की काय? डोंगरावरचा किल्ला दिसायला लागला. फाट्यावर तो उतरला तेव्हा बरोबर उतरलेल्या बायका बोलत बोलत पुढं गेल्या आणि तो एकटाच मागे उभा राहिला. गावात शिरलं की पितळेवर हातोडी पडल्याचा आवाज येतो, एका घरातून, मग दुसऱ्या, मग चारी बाजूंनी. त्या आवाजाने त्याला जरा धीर आला, कारण त्यात स्वतःच्या डोक्यातलं ऐकू येईना. एका दुकानदाराला त्याने भटू बागुलांचं घर विचारलं. दुकानदाराने हात करून गल्ली दाखवली. त्याच्या चेहऱ्यावर काही दिसतंय का, म्हणून गिरधर जरा जास्तच वेळ बघत राहिला. दुकानदार म्हणाला, "डाव्या हातले, निंबना झाडपान."

कडुलिंबाच्या झाडाशेजारच्या घराच्या ओट्यावर एक बाई सुपात तूर पाखडत बसली होती. पन्नाशीची, काटक. गिरधर थांबला तशी तिने सूप खाली ठेवलं आणि पदर सावरला.

"कोन शेतस, भाऊ? कथाईन उनात?"

"धुळ्याहून. मी कॉलेजात शिकवतो. कला..." पुढचं वाक्य इतकं जुळवून आणलेलं होतं, पण ते आलंच नाही.

बाईने त्याच्याकडे पाहिलं. "कला आठे नही, भाऊ," ती म्हणाली.

गिरधर ओट्याच्या कडेला बसला. बस म्हटलं नव्हतं तरी बसला. हातोड्यांचा आवाज चालूच होता. त्याला वाटलं, आता ही रडेल आणि आपल्याला तिच्याकडे बघावं लागेल.

"ती जळगावले शे," बाई म्हणाली. "मोठा दवाखानामा. नर्सनं शिकी ऱ्हायनी. दीड वरीस व्हयनं. दिवाईले उनी व्हती. तुम्हले काय काम व्हतं तिनं?"

गिरधरने पाणी मागितलं, लोटाभर प्यायला, आणखी मागितलं, तोही प्यायला. आणि मग, चार दिवसांत पहिल्यांदाच, त्याला सडकून भूक लागली. हे त्या माउलीला कसं कळलं कोण जाणे, ती आत गेली आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकर, ठेचा आणि कांदा घेऊन आली. "सर शेतस ना तिना, मंग जेवा," म्हणाली. तो जेवला. त्या ओट्यावर, उन्हात, परक्या घरी, हावरटासारखा जेवला. नर्मदाबाई, हे तिचं नाव, सुपाला हात लावत सांगत होत्या की कलाचा बाप भटू भट्टीवर गेला आहे, आधी त्याची तयारी नव्हती पोरीला एवढ्या लांब ठेवायची, पण पोर हट्टाला पेटली, आणि आता तोच सगळ्या गावाला सांगत फिरतो. गिरधर हो हो म्हणत होता. अर्धी भाकर संपल्यावर मात्र त्याच्या मनात आलं ते त्याने विचारलं, "मग मागच्या वर्षी इथं जी..."

"ती?" नर्मदाबाईंचा हात थांबला. "ती वरली गल्लीनी सून व्हती. शिरपूरकडली. तिनं नाव बी कलाच. बठ्ठं गाव रडनं, भाऊ. मना घर तर दोन दिन लोके येत व्हतात, मनी पोर समजीसन."

घास तोंडात फिरायला लागला. एवढा वेळ तो सुखाने जेवत होता ते कोणाच्या तरी दुसऱ्या कलाच्या जिवावर, हे त्याला तेव्हा लक्षात आलं. निघताना तो मुद्दाम वरच्या गल्लीने गेला. कुठलं घर ते विचारलं नाही. दोन्ही बाजूंना दारं होती, काही उघडी, काही लोटलेली. एका दारात दोन पोरी गजगे खेळत होत्या. तो गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत आला. ती बाई कुठल्याच कॉलेजात नव्हती, कुठल्याच तक्त्यात तिचं नाव येणार नव्हतं, आणि तिच्यासाठी कोणी पेन थांबवलं नव्हतं. आपल्याला झालेल्या आनंदाची त्याला लाज वाटत होती. पण आनंदही जात नव्हता. परतीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून तो झोपला तो थेट धुळ्याच्या स्टँडवर कंडक्टरने हलवल्यावर उठला.

सोमवारी त्याने तात्यांकडून तक्ता मागून घेतला आणि एकेका नावापुढे थांबून विचारलं, हे आपल्याला कोणी सांगितलं? तात्या चांगले माणूस होते, खोटं बोलत नसत. बेचाळीस नावांचं त्यांना खरंच काही ना काही माहीत होतं. कोणाचं लग्न, कोणाची गिरणीतली नोकरी, कोण दुसऱ्या कॉलेजात गेलेलं. कलाचंही आता कळलं होतं. उरली अठरा. त्या अठरांपुढची 'कौटुंबिक अडचण' खोडून गिरधरने 'माहीत नाही' लिहिलं, आणि तक्ता प्राचार्यांपुढे ठेवला.

चौधरी सरांनी चष्मा वर ढकलला. "माहीत नाही? असं कोणी विद्यापीठाच्या कागदात लिहितं का, सुरवाडे? ते विचारतील, तुम्हाला काय माहीत आहे मग?"

"सर, कलाचं आपण मयत लिहिणार होतो. ती जळगावला सिव्हिलमध्ये आहे, समितीच्या गावात."

चौधरी सर खिडकीकडे वळले. खिडकीबाहेर रंगारी आता दाराच्या चौकटीला आले होते. "अकरा माणसांच्या नोकऱ्या आहेत यात," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "मला काय खोटं लिहायची हौस आहे का? अठरा ठिकाणी माहीत नाही म्हणजे आपणच आपलं नाक कापून देतोय." मग टेबलावरचा पेपरवेट फिरवू लागले. "आमच्या बागेत केळीचं खोड आडवं झालं की बाप विचारायचा, वाऱ्यानं पडलं का खालून कुजलं? आम्ही भावंडं म्हणायचो, माहीत नाही. की बसली पाठीत."

"मग काय करायचात?"

"काय करणार? जाऊन बघायचो," चौधरी सर म्हणाले, आणि आपण काय बोललो ते कानावर पडून त्यांच्या चेहऱ्यावर महिन्याभरात पहिल्यांदा हसू आलं. "वकील व्हायला पाहिजे होतं तुम्ही. ठीक आहे. ठेवा तसंच. पण नुसतं ठेवू नका. आराखड्यात व्यायामशाळेनंतर एक कोरं पान आहे, तिथं लिहा, पुढं काय करणार ते."

गिरधरने त्या पानावर चार ओळी लिहिल्या. सलग पंधरा दिवस जो विद्यार्थी येणार नाही, त्याचं नाव कमी करण्याआधी कॉलेजातल्या एका प्राध्यापकाने त्याच्या घरी जावं. जाऊन काय बोलायचं ते त्याने लिहिलं नाही, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

बुधवारी अहवाल घेऊन तो जळगावला गेला. विद्यापीठात गठ्ठा देऊन, पोच घेऊन तो सिव्हिल हॉस्पिटलमध्ये आला. फाटकातल्या माणसाने निरोप पाठवला. व्हरांड्यात निळ्या काठाची पांढरी साडी नेसलेल्या चारपाच मुली आल्या, आणि त्यांतली कोणती कला हे कळायच्या आधीच एकजण पुढं येऊन त्याच्या पाया पडली. सावळा, रुंद कपाळाचा चेहरा, पुढचा एक दात जरा तिरपा. हा चेहरा त्याने आयुष्यात कधीच पाहिला नव्हता, असं त्याला वाटलं.

"आईनं पत्र धाडलंय तुम्ही येऊन गेल्याचं," ती म्हणाली. आवाज तोच, घोगरा. "तुम्ही मला ओळखलं नाही ना, सर?"

"नाही," तो म्हणाला. "तू एकदा माझ्याकडे आली होतीस. स्टाफरूममध्ये. हातात कागद होता."

"हो. चारित्र्याचा दाखला होता. इथल्या प्रवेशाला लागत होता, कॉलेजातल्या सरांच्या सहीचा. तुम्ही उद्या ये म्हणालात आणि मग तीन दिवस आलाच नाहीत. शेवटची तारीख होती." ती हसली. "मग इतिहासाच्या सरांनी दिली सही. पण तुमचा राग आला होता मला. दोन दिवस."

"दोनच दिवस?"

"तिसऱ्या दिवशी इथं मुलाखत होती. राग धरायला वेळ कुणाला?"

व्हरांड्यातून एक ट्रॉली खडखडत गेली, दोघं भिंतीला सरकून उभे राहिले. गिरधरला काही बोलायचं होतं, सॉरी म्हणायचं होतं, पण तो शब्द इथं फारच इवलासा वाटला, आणि मोठा शब्द तिच्या उपयोगाचा नव्हता. तिला तीन वाजता वॉर्डात परत जायचं होतं. जूनमध्ये पास झाली की एखाद्या उपकेंद्रावर नेमणूक मिळेल, ती म्हणाली, साक्रीकडे मिळाली तर बरं, तिकडे बाळंतपणं करायला कोणी नर्स जात नाही. ती हे सगळं भराभरा, आपल्याच नादात सांगत होती; आणि ऐकता ऐकता गिरधरच्या लक्षात आलं की त्या फेब्रुवारीतल्या दुपारी या मुलीच्या आयुष्यात तो फार लहान होता. एक सही न मिळालेला माणूस, एवढाच. चार दिवस तो स्वतःला तिच्या मरणाचा मालक समजत होता. इतकं लहान असण्यात एवढं सुख असेल, हे त्याला कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. तो तिला म्हणाला, बरं आहे, अभ्यास कर. आणि बाहेर येऊन रसवंतीत दोन ग्लास रस प्यायला.

जानेवारीच्या मध्याला समिती आली. तिघं होते; अध्यक्ष एक पांढऱ्या केसांच्या बाई, कुठल्याशा कॉलेजातून प्राचार्य म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी ग्रंथालय पाहिलं, वाळत आलेल्या रंगाचा वास घेतला. आलेखावरून नजर फिरवली. तक्त्यापाशी थांबल्या. बोटाने मोजलं. "अठरा वेळा 'माहीत नाही'," त्या म्हणाल्या. "तीस वर्षांत मी शंभरेक कॉलेजं तपासली. सगळीकडच्या पोरांना कौटुंबिक अडचणच असते. हे कोणी लिहिलं?"

चौधरी सरांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला. गिरधर उभा राहिला. "मी."

"माहीत का नाही?"

"विचारायला कोणी गेलं नाही, बाई."

"आता जाणार आहात, असं तुमच्या आराखड्यात आहे. किती जणांकडं गेलात?"

"पाच जणांकडं. दोघं जूनमध्ये परत येतो म्हणालेत. एकजण भेटला नाही. दोघींच्या सासरचे पत्ते मिळालेत."

बाईंनी त्यांच्या वहीत काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहीत होत्या. चौधरी सर त्या वहीकडे असे बघत होते की जणू उलटं वाचता येईल. मग बाईंनी वही मिटली आणि चहा मागितला, साखर कमी.

मार्चच्या शेवटी पत्र आलं. निंबातात्यांनी ते उभ्याउभ्याच मोठ्यानं वाचलं: संलग्नता पाच वर्षांसाठी चालू; ग्रंथालयात पुस्तकं वाढवावीत; रसायनशास्त्राची प्रयोगशाळा असमाधानकारक; आणि शिक्षण सोडलेल्या विद्यार्थ्यांची चौकशी दरवर्षी अशाच प्रकारे कळवावी. 'अशाच प्रकारे' हे शब्द तात्यांनी दोनदा वाचले. चौधरी सर खुर्चीत मागे रेलले आणि त्यांनी डोळे मिटले. हंगामी प्राध्यापकांपैकी एकाने बाहेर जाऊन पेढे आणले. चौधरी सरांनी दोन खाल्ले आणि म्हणाले की सावद्याला फोन लावून द्या, आईला सांगतो. आणि मग त्यांना आठवलं की आईला जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हा ते स्वतःशीच मान हलवत हसले आणि बायकोला लावून द्या म्हणाले.

एप्रिलात अठरांपैकी सातच उरले. त्यांतला एक मगन. दोन वर्षांपूर्वी कॉलेज सोडलेला, मालेगाव रोडवर त्याचं स्वतःचं गॅरेज आहे असं कळलं होतं. गिरधर एका संध्याकाळी तिकडे गेला. एका ट्रकच्या खालून दोन पाय बाहेर आले होते. हाक मारल्यावर पायांचा माणूस बाहेर आला. चोवीस-पंचवीस वर्षांचा, कोपरापर्यंत ऑइल. त्याने सरांना लगेच ओळखलं, चिंधीने हात पुसले, स्टूल ओढून दिलं, चहा सांगितला. गिरधरने कागद काढला आणि आता सवय झाली होती त्याप्रमाणे सरळ विचारलं, "मगन, तू कॉलेज का सोडलंस?"

मगनने चिंधी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "घरची अडचण लिहा, सर."

"होती का?"

"नव्हती."

"मग?"

मगन ट्रककडे बघू लागला. "तुम्हाला राग येईल."

"नाही येणार."

"कंटाळा यायचा, सर."

"कुठं? कॉलेजात?"

"वर्गात."

"कोणाच्या?"

मगनने अशा काही मर्यादेने मान खाली घातली की गिरधरला ते कळलं. आधी त्याचे कान तापले. मग पोटातून काहीतरी वर यायला लागलं, त्याने ते दाबून पाहिलं, पण दाबलं जाईना, आणि तो हसायला लागला. स्टुलावर वाकून, गुडघ्यावर हात मारत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. समोरच्या टायरवाल्याने वळून पाहिलं. मगन आधी घाबरला, मग तोही हसला. चहा आला तो दोघांच्या मध्ये तसाच निवत राहिला.

गिरधरने डोळे पुसले, कागद मांडीवर घेतला आणि सहाव्या रकान्यात लिहिलं, 'सुरवाडे सरांच्या तासाला कंटाळा'. लिहून झाल्यावर पेन बंद केलं नाही.

"कशाचा?" त्याने विचारलं. "नीट सांग. घाई नाही मला."

मगनने एक रिकामा डबा उपडा केला आणि त्याच्यासमोर बसला. "सगळं सांगू?"

"सगळं."

"मग बघा, पहिल्यांदा म्हणजे तुम्ही वर बघतच नव्हता," मगन म्हणाला, आणि गिरधर ऐकू लागला.